कप, पाइंट आणि मापटे : लेस्टरच्या स्वयंपाकघरात

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले लेस्टर शहर लंडनहून आगगाडीने तास-सव्वातासाच्या अंतरावर आहे. तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या वास्तूचे जैन मंदिरात रूपांतर झालेले दिसते. १९८८ पासून तेथे प्रतिष्ठित जिनबिंबांची पूजा होते. दर्शनी बाजू शुभ्र संगमरवराची, आत कोरीव खांब, आणि श्वेतांबर व दिगंबर दोन्ही आम्नाय एकाच छताखाली. आपल्याकडे जे सहजासहजी जमत नाही ते परदेशी गेल्यावर जमते, असा विचार ही वास्तू पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला बेलग्रेव्ह रोड आहे. युगांडातून १९७२ साली हद्दपार झालेल्या भारतीयांपैकी अनेकांनी येथे आसरा घेतला आणि ही मंडळी येऊ नयेत म्हणून ज्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात दिली होती, त्याच शहराला त्यांनी व्यापारउदीम दिला. आज त्या रस्त्यावर तूरडाळ, नाचणीचे पीठ, कोकम, हिंग असे काहीही मिळते. कणकेची दहा किलोंची पोती तर रचून ठेवलेली असतात.

म्हणजे रोजच्या वरणभातासाठी लेस्टरमधील जैन गृहिणीला फारशी अडचण नाही. अडचण येते ती भट्टीच्या पदार्थांपाशी. मुले शाळेत जातात, मित्रांच्या वाढदिवसाला केक खातात, मग घरी केकचा हट्ट धरतात. बाजारच्या केकमध्ये अंडे असते. घरी करावा तर अंड्याशिवायची कृती शोधावी लागते, आणि अशा कृतींपैकी बऱ्याचशा अमेरिकेतून आलेल्या असतात. त्यामुळे एका ओट्यावर तीन देश एकत्र येतात : कृती अमेरिकेची, किराणा ब्रिटनचा आणि करणारीचा हात सांगली-कोल्हापूरच्या वाटीवर बसलेला. भाषा तिन्हीकडे इंग्रजी असल्याने घोटाळा चटकन लक्षातही येत नाही.

पहिला घोटाळा मापाचा. अमेरिकन गृहिणी पीठ, साखर, लोणी सारे काही कपाने मोजते; ब्रिटिश गृहिणी तराजूवर तोलते. ज्यांनी आजीच्या हातचे मापटे आणि चिपटे पाहिले आहे त्यांना हा भेद नवा नाही. चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हा हिशेब आकारमानाचा होता. गूळ आणि तूप मात्र तोलूनच घेतले जाई. त्यातही शेर हा शब्द मापालाही होता आणि वजनालाही, आणि दोन्ही शेर एक नव्हेत हे लहान मुलालाही ठाऊक असे. औंसाचे तसेच आहे. वजनाचा औंस सुमारे २८ ग्रॅमचा असतो, द्रवाचा औंस हे आकारमान असते. कृतीत नुसते ‘आठ औंस’ लिहिले असेल तर ते पीठ आहे की दूध, हे आधी पाहावे लागते. आठ द्रव-औंसांचा कप मैद्याने भरला तर त्याचे वजन आठ औंस भरत नाही, जेमतेम सव्वाचार औंस भरते.

अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो. व्यवहारात तो २४० धरतात. ब्रिटनच्या दुकानांत मोजकपांचा संच विकत घेतला तर त्यावर बहुधा २५० मिलिलिटर लिहिलेले असते. जुन्या ब्रिटिश पद्धतीचा कप म्हणजे अर्धा पाइंट, अर्थात २८४ मिलिलिटर. सगळे जिन्नस एकाच कपाने घेतले तर प्रमाण टिकते, असे म्हणून अनेकजणी वेळ मारून नेतात. ते अर्धेच खरे आहे. पीठ, साखर आणि पाणी एकत्र वाढतात. पण सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ चमच्याने पडतात, आणि चमचा काही कपाबरोबर वाढत नाही. २८४ चा कप वापरला तर पीठ वीस टक्के अधिक आणि सोडा तेवढाच राहतो; केक दडस होतो. विनिमयाचा दर एकाच खात्याला लावून दुसरे खाते जुन्या दरावर ठेवल्यासारखे ते आहे. ताळेबंद जुळणार कसा?

पाइंटची कथा याहून गमतीची. ब्रिटनचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकेचा ४७३ चा. याचे मूळ दोनशे वर्षांमागे आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी मद्याचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा आणखी वेगळा, असा कारभार होता. राणी अ‍ॅनच्या काळात, १७०७ साली, मद्याचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरवला गेला. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिने तोच उचलला. पुढे १८२४ मध्ये ब्रिटिश संसदेने जुनी सारी मापे बाजूला सारून दहा पौंड पाणी मावेल तो एक गॅलन, असे नवे माप ठरवले. अमेरिका जुन्यावरच राहिली. थोडक्यात, ज्या देशाने राजाविरुद्ध बंड केले त्याने राणीचे माप जपले आणि राजघराणे ज्याच्याकडे राहिले त्याने ते सोडून दिले! आजही ब्रिटनमध्ये दुधाच्या प्लास्टिकच्या बाटलीवर ५६८ मिलिलिटर, १.१३६ लिटर किंवा २.२७२ लिटर असे चमत्कारिक आकडे दिसतात. ते एक, दोन आणि चार पाइंटांचे भाषांतर होय. जॅमची बरणी ४५४ ग्रॅमची असते, कारण ती मुळात एक पौंडाची. दशमान पद्धत कायद्याने आली तरी जुने माप पॅकिंगच्या आत दडून राहिले आहे.

अमेरिकेत मोजमाप शिस्तीने करण्याचा आग्रह फॅनी फार्मर या बॉस्टनच्या पाकशिक्षिकेने धरला. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाकपुस्तकाने कप किंवा चमचा शीग काढून, सपाट करूनच मोजायचा, हा नियम घरोघर पोहोचवला. पण शीग काढली तरी पिठाचे दुखणे राहतेच. चाळलेला मैदा चमच्याने हळुवार कपात भरला तर १२० ग्रॅम भरतो. तोच कप पिठाच्या डब्यात खुपसून काढला तर १४० किंवा १५० पर्यंत जातो. म्हणून लेस्टरमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईने एकदाच बसून कपाचे ग्रॅम करून ठेवावेत आणि मग कपाचे नाव काढू नये, हेच शहाणपणाचे. एक कप मैदा १२० ते १२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोणी २२७ ग्रॅम, दूध किंवा पाणी २४० मिलिलिटर, एवढे चार आकडे फडताळाच्या दाराआड चिकटवले की निम्मे काम होते. लोण्याच्या बाबतीत अमेरिकन कृती ‘एक स्टिक’ म्हणते. ती ११३ ग्रॅमची पातळ विटेसारखी वडी असते. ब्रिटनमध्ये लोण्याची लादी पुष्कळदा २५० ग्रॅमची मिळते. दोन स्टिक हव्या असतील तर तिचा दहावा हिस्सा कापून ठेवावा, उरलेली घालावी. मिठाबाबत एक सावधगिरी. अमेरिकन कृतीत ‘कोशर सॉल्ट’ असते. ते जाड आणि पोकळ दाण्याचे मीठ. त्याच्या चमच्याऐवजी चमचाभर बारीक मीठ घातले तर पदार्थ खारट होतो. अर्धा चमचा पुरतो.

दुसरा घोटाळा नावांचा. ज्याला अमेरिकेत कॉर्नस्टार्च म्हणतात तेच ब्रिटनमध्ये कॉर्नफ्लॉर. आपणही ब्रिटिशांचाच शब्द उचलला आहे. पण अमेरिकेत कॉर्नफ्लॉर म्हणजे मक्याचे बारीक दळलेले पिवळसर पीठ. बेकिंग सोडा ब्रिटनमध्ये बायकार्बोनेट ऑफ सोडा या भारदस्त नावाने मिळतो. कन्फेक्शनर्स शुगर म्हणजे आयसिंग शुगर, सुपरफाइन म्हणजे कॅस्टर, मोलॅसिसच्या जागी काळी ट्रीकल चालते. ऑल-पर्पज फ्लॉरला ब्रिटनचे प्लेन फ्लॉर घ्यावे. ते किंचित नरम असल्याने पाणी थोडे कमी लागते. सेल्फ-रायझिंग पीठ दोन्ही देशांत मिळते, मात्र अमेरिकन पिठात मीठ आधीच मिसळलेले असते. हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश, तर ब्रिटनच्या डबल क्रीममध्ये ४८. ती घुसळताना क्षणभर लक्ष ढळले तर लोणी निघते. आपल्याकडच्या बायकांना त्याचे दुःख होण्याचे कारण नाही, पण केकवर ते लावता येत नाही. झुकिनी म्हणजे कूर्जेट, एगप्लांट म्हणजे ऑबर्जिन, सिलांट्रो म्हणजे आपली कोथिंबीर. स्कॅलियन म्हणजे कांद्याची पात आणि रुटाबागा म्हणजे स्वीड नावाचा कंद. ही दोन नावे जैन घराने वगळण्यासाठी लक्षात ठेवावीत. बेसनाला ब्रिटनमध्ये ग्रॅम फ्लॉर म्हणतात. त्यातल्या ‘ग्रॅम’चा वजनाच्या ग्रॅमशी काही संबंध नाही, धान्याचा दाणा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून तो हरभऱ्याला चिकटला.

येथवरच्या चुका फार तर केक बिघडवतात. पुढच्या चुका व्रत बिघडवतात, आणि म्हणून त्यांची चर्चा अधिक निगुतीने व्हायला हवी.

सांगलीकडची एखादी सासू सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे येते. आयुष्यभर कंदमूळ खाल्लेले नाही, सूर्यास्तानंतर पाण्याव्यतिरिक्त काही घेतलेले नाही. नातवाच्या वाढदिवसाला सून घरी केक करते. नातू पहिला घास आजीपुढे धरतो. त्या घासात काय काय आहे हे सुनेला नक्की सांगता येते का, यावर त्या घरातील पुढचे बरेच काही अवलंबून असते. आजीने तोंड फिरवले तर मुलाच्या मनात धर्म म्हणजे नकार एवढेच राहील. आणि नकळत अभक्ष्य पोटात गेले व ते पुढे कळले, तर आजीच्या मनाला लागलेला डाग कोणत्याही समजुतीने जाणार नाही. सुनेच्या माथी दोन्हीकडून बोल.

ब्रिटनमध्ये अनेक वेष्टनांवर ‘शाकाहाऱ्यांसाठी योग्य’ असे लिहिलेले असते. भारतातून गेलेल्या माणसाला ते आपल्या हिरव्या ठिपक्यासारखे वाटते. तसे ते नाही. आपल्याकडे अंडे असलेल्या पदार्थाला हिरवा ठिपका मिळत नाही. तिकडच्या शाकाहारात अंडे बसते. त्यामुळे त्या ओळीवर विसंबू नये. मात्र ब्रिटनमधील एक नियम जैनांच्या नकळत जैनांच्या उपयोगी पडला आहे. डिसेंबर २०१४ पासून अ‍ॅलर्जी आणणारे चौदा जिन्नस घटकांच्या यादीत ठळकपणे छापावे लागतात आणि त्यांत अंडे आहे. ठळक अक्षरांवरून नजर फिरवली की अंड्याचा निकाल लागतो. कांदा, लसूण आणि बटाटा त्या चौदांत नाहीत. त्यांच्यासाठी सगळी यादी वाचण्याला पर्याय नाही.

अमेरिकन कृतीत जिलेटिन निःशंकपणे येते. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. मार्शमेलोत ते असतेच, अमेरिकन जेलोत असते, न भाजता केलेल्या चीजकेकमध्येही पुष्कळदा असते. त्याऐवजी समुद्रशैवालापासून केलेले अगर वापरता येते, पण प्रमाण सारखे नाही. अगर उकळावे लागते आणि जिलेटिनपेक्षा कमी लागते. तांबड्या रंगासाठी ई-१२० दिसला तर तो किड्यांपासून काढलेला आहे. गोळ्यांवरच्या चकाकीसाठी वापरला जाणारा ई-९०४ म्हणजे लाख, तीही किड्याचीच. ई-४७१ वनस्पतीचा असू शकतो आणि प्राण्याचाही. चीजबाबत अमेरिकन वेष्टन नुसते ‘एन्झाइम्स’ म्हणून मोकळे होते. अस्सल पार्मेजानो रेजानो वासराच्या रेनेटशिवाय होतच नाही. ब्रिटनच्या दुकानांत वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे त्या धर्तीचे चीज वेगळ्या नावाने मिळते.

हे सारे मांसाचे अंश. पण आपल्या परंपरेत मद्य आणि मधही तितकेच वर्ज्य आहेत, आणि या बाबतीत भले भले फसतात. केकच्या प्रत्येक अमेरिकन कृतीत चमचाभर व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट असतो. अमेरिकन नियमानुसार त्या अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावेच लागते. भाजताना ते उडून जाते, असे सांगून कोणी समजूत घालील. पण व्रत घेणाऱ्याने वस्तू आत घालतानाच पाहिली आहे. व्हॅनिलाच्या शेंगेतील बिया किंवा शेंगेची पूड ब्रिटनमध्ये मिळते. ती महाग आहे, परंतु वेलदोडा फुकटासारखा आहे आणि अंड्याशिवायच्या केकला तो उत्तम लागतो. मध अमेरिकेत ग्रॅहॅम क्रॅकर नावाच्या बिस्किटांत असतो. चीजकेकच्या तळासाठी त्यांच्या जागी ब्रिटनची डायजेस्टिव्ह बिस्किटे घ्यावीत. यादी पाहून घ्यावी इतकेच. व्हिनेगरबद्दलही तोच विचार. ब्रिटनचे माल्ट व्हिनेगर तर जवाच्या मद्यापासूनच बनते. त्याचे काम लिंबाचा रस करतो.

आणखी एक अडचण अमेरिकन लेखकांच्या स्वप्नातही येणार नाही. अंड्याऐवजी काही जणी हरभऱ्याचे पीठ दह्यात किंवा ताकात कालवायला सांगतात. आपल्याकडे ते द्विदल होय. दही वापरायचे असेल तर मैद्याबरोबर वापरावे, बेसनाबरोबर नव्हे.

इतके सारे वगळल्यावर उरते काय, असे वाटेल. उरते ते पुष्कळ आहे, आणि तेही त्याच अमेरिकेतून. मंदीच्या आणि युद्धाच्या वर्षांत तेथील घरांना अंडी, लोणी, दूध परवडेनासे झाले तेव्हा ‘वॅकी केक’ नावाचा चॉकलेट केक घरोघर होऊ लागला. ब्रिटनमध्येही १९४० पासून १९५४ पर्यंत रेशन होते आणि माणशी आठवड्याला एक अंडे मिळे, तेही असल्यास. दारिद्र्याने केलेला तो केक अहिंसेच्या घरात अलगद बसतो. अमेरिकन कृती सांगते : दीड कप पीठ, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा व्हिनेगर, व्हॅनिला, पाच मोठे चमचे तेल, एक कप पाणी, आठ इंची चौकोनी भांडे, ३५० अंश, अर्धा ते पाऊण तास. लेस्टरमध्ये तिचे रूप असे होते : १८५ ग्रॅम प्लेन फ्लॉर, २०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम कोको, सोडा व मीठ तेवढेच, व्हिनेगरऐवजी तितकाच लिंबाचा रस, व्हॅनिलाऐवजी वेलदोड्याची पूड, ७५ मिलिलिटर तेल, २४० मिलिलिटर गाळलेले पाणी. भांडे वीस सेंटिमीटरचे. कोरडे आधी चाळून एकत्र करावे, ओले शेवटी घालावे, आणि सोडा लिंबाशी उसळतो आहे तोवर लगेच भट्टीत सारावे.

भट्टीचे ३५० अंश फॅरनहाइटचे. सेल्सिअसमध्ये सुमारे १८०. पण ब्रिटनमधील बहुतेक विजेच्या भट्ट्यांत पंखा असतो, तेथे वीस अंश कमी करून १६० ठेवावे. जुन्या गॅसच्या भट्टीवर अंश नसतात, एक ते नऊ आकडे असतात, तेथे चार. भांड्याचा आकार बदलताना इंचांवर जाऊ नये. आठ आणि नऊ इंचांच्या गोल भांड्यांत फरक एका इंचाचा दिसतो, पण क्षेत्रफळ सव्वापटीहून अधिक होते आणि केक पोळीसारखा पसरतो.

गाजराचा केक जैन घरात होत नाही. त्याची जागा अमेरिकेचा झुकिनी ब्रेड भरून काढतो, कूर्जेट किसून. आल्याच्या बिस्किटांत सुंठच असते, ती चालते. दुधाच्या डब्याबाबत मात्र तिन्ही देशांचे कधी नव्हे ते एकमत आहे. आटीव गोड दुधाचा डबा अमेरिकेत चौदा औंसांचा, ब्रिटनमध्ये ३९७ ग्रॅमचा, म्हणजे तोच. आपल्याकडेही ४०० च्या आसपास. त्या डब्यावर बेतलेली भारतीय कृती कोठेही चालते.

वेळेचे गणित उरतेच. जूनच्या अखेरीस लेस्टरला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा घाई कसलीच नसते. डिसेंबरच्या मध्यास तो चारच्या आधीच जातो. साडेतीनला शाळा सुटते. हिवाळ्यात जन्मलेल्या मुलाचा केक आजीबरोबर कापायचा तर तो शनिवारी किंवा रविवारी दुपारीच कापावा लागतो, आणि भट्टी सकाळी लावावी लागते.

पिठाच्या मर्यादेचा प्रश्न कडक शोध पाळणाऱ्यांपुढे असतो. दिगंबर परंपरेत पीठ थंडीत सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस चालते. लेस्टरला पाऊस बाराही महिने पडतो. तेथे कोणता ऋतू धरावा, हे ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावे. दुकानातील मैदा या हिशेबात मुळीच बसत नाही. अशी घरे गहू आणून घरीच दळतात आणि केकही गव्हाच्या चाळलेल्या पिठाचा करतात. पाणी दोन-तीन चमचे जास्त लागते, रंग काळपट येतो, चव खमंग लागते. भारतातील घरगुती विजेची चक्की त्यासाठी नेता येते. अमेरिकेत ती निकामी ठरते, कारण तेथे वीज १२० व्होल्टची. ब्रिटनमध्ये आपल्याइतकीच २३० व्होल्टची असल्याने फक्त तीन चौकोनी पायांचा प्लग बसवून घ्यावा लागतो.